डावीकडची झीज

बाजारात त्याला सगळे भिंग म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कुणी थांबत नसे. घरात ठेवायची जुनी लिहिण्याची डेस्कं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. वर काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट, मधे तिरकी फळी, ती खाली ओढली की लिहायला जागा, आत चिमुकले कप्पे आणि खाली खण, असली भारदस्त डेस्कं. आणि शर्टाच्या खिशात सदा एक भिंग.

भिंग लागायचंच. व्यापारी लोक नव्या लाकडाला चहाच्या पाण्याने न्हाऊ घालत, साखळीने बडवत आणि शंभर वर्षांचं डेस्क म्हणून त्याच्या पुढ्यात आणून उभं करत. हा खण बाहेर ओढून हुंगायचा, फळीवर हात फिरवायचा, पाठीमागे टॉर्च मारायचा आणि म्हणायचा, "तुमच्या नातवाच्या वयाचं आहे, घेऊन जा." माणसं खोटं बोलतात, झीज खोटं बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

अडचण एवढीच की दुकानाला कुलूप लावलं तरी भिंग खिशातच राहायचं. दुधात पाणी आहे, डॉक्टरची पदवी विकतची आहे, शेजारी हसून बोलला म्हणजे नक्की काहीतरी मागणार आहे. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हा बसायला दिलेली खुर्ची त्याने आधी उलटी करून पाहिली होती. बायको अजून म्हणते, "मला उलटं करून पाहिलं नाही, एवढंच माझं नशीब!"

अशा माणसाला मोठ्या बहिणीचा फोन आला. "डेस्कचा खण मोडलाय रे. येऊन बघतोस का?"

त्याच्या मनात लगेच पाल चुकचुकली. ते डेस्क वडिलांचं. वडील नकाशे काढायचे, आणि त्यांच्या पायांशी बसून, खालून ते डेस्क न्याहाळत हा लाकूड शिकला होता. वडिलांनी जाता जाता ते दिलं ताईला. ती एकटी राहायची, छापखान्याची मुद्रितं घरी तपासून पोट भरायची, म्हणून. याने तेव्हा चार माणसांत म्हटलं होतं, "कानाशी लागून लागून मिळवलंस." त्यानंतर जाणंयेणं संपलं, कधीमधी फोनवर दोन वाक्यं, तीही हवापाण्याची. मग आजच कशी आठवण झाली? ती राहायची दुसऱ्या गावात. गाडीत बसल्या बसल्या त्याने मनाशी ठरवून टाकलं, डेस्क विकलं असेल तर ताईच्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. "ये, उघडंच आहे," आतून आवाज आला. दार उघडायला उठायलाही हिला नको, त्याला वाटलं. ताई शाल लपेटून खिडकीपाशी बसली होती. केस पार पांढरे झालेले. डेस्क समोरच, भिंतीला लागून. त्याच्या छातीत एकदम भरून आलं, पण ते त्याने तिथेच दाबून टाकलं.

"चहा तूच टाक बाबा," ताई म्हणाली. "डबे ओट्यावरच आहेत."

मला खोलीबाहेर काढतेय, हा मनात म्हणाला. आधण ठेवलं आणि पाऊल न वाजवता परत आला. ताई जिथल्या तिथे. "काय रे?" "काही नाही, साखर किती?" असं म्हणून पुन्हा आत गेला.

चहा झाल्यावर त्याने डेस्कला हात घातला. फळी उघडली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. लिहायच्या जागेवर मढवलेलं हिरवं चामडं वडिलांच्या वेळचं नव्हतं. त्या जुन्यावर उजवीकडे शाईचा मोठा डाग होता, तो गायब. हे चामडं बरंच नवं, आणि तरीही घासलेलं, तेही डावीकडे! उजवीकडे ते कोरं करकरीत. फळी पेलायला बाहेर ओढायच्या दोन पट्ट्यांपैकी डावीच जास्त गुळगुळीत झालेली. खणांचं तेच. डावीकडच्या मुठी चकचकीत, डावीकडचाच एक खण तळातून फाटलेला, आणि उजवीकडचे खण ओढायला गेला तर वर्षानुवर्षांची धूळ सुटली. हुंगून पाहिलं तर वास मात्र जुना. म्हणजे जुनं लाकूड मिळवून केलंय, पक्का गडी आहे! बिजागऱ्याही जुन्याच. नक्कल करणारा हुशार असला की असंच असतं.

खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता, चोरी पकडल्याचा. झालं उलटंच. वडिलांचं डेस्क गेलं होतं, आणि त्याबरोबर ताईही गेली होती.

तो उठला, हात झटकले. "ताई, खरं डेस्क कुणाला विकलंस?"

"काय?"

"मला बनवू नकोस. हेच काम करतो मी. छान नक्कल आहे, पण करणाऱ्याने एक चूक केली. माणूस उजव्या हाताने लिहितो, उजवीकडे मनगट घासतं. यानं झीज डावीकडे केली. बाबा उजव्या हाताचे, तू उजव्या हाताची. आपल्या घरात डावखुरं होतं कोण?"

ताईने डाव्या हाताने शाल बाजूला केली, त्याच हाताने आपलं उजवं मनगट धरलं आणि एखादी वस्तू ठेवावी तसा तो हात उचलून मांडीवर ठेवला. बोटं आखडलेली, हात वाळून बारीक झालेला.

"जिन्यावरून पडले, त्याला झाली बरीच वर्षं," ती म्हणाली. "खांद्यातली नसच तुटली. डाव्याने लिहायला शिकले, शिकता शिकता इतक्यांदा दौत सांडली की बाबांचं चामडं कुजलं. छापखान्यातल्या बाइंडरकडून नवं घालून घेतलं. लाकडाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. खण कधीचा मोडलाय. तुझी वाट बघत होते."

भिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, लोटलेलं दार, शाल, चहा, आणि प्रत्येक गोष्ट त्याने बरोबर पाहिली होती. "मला कळवलं का नाहीस?" तो कसाबसा म्हणाला.

"घाबरत होते. पडल्याचं सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, खरंच पडली कशावरून?"

त्याने अगदी तेच म्हटलं असतं. तो ताईच्या पायांशी जमिनीवर बसला. तिचा तो हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. गार होता.

"दुखतो का गं?"

"नाही रे. त्याला काहीच कळत नाही."

"मग मी धरलाय, हेसुद्धा?"

"तेही नाही," ताई म्हणाली. "पण मला दिसतंय ना."