अस्तमान्याना

दत्ताराम गेल्याची बातमी आली तेव्हा मी आठवीच्या वर्गाला संधी शिकवत होतो. त्याच्या बायकोचा, शालूवहिनींचा, भाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याला बघताच मला कळलं. तरीही मी फळ्यावरचं वाक्य पुरं केलं आणि हात झटकून मग बाहेर आलो. आदल्या दिवशी, सोमवारी, मी त्याच्याकडे जायला हवं होतं आणि गेलो नव्हतो, ही टोचणी तेव्हाही होतीच. पण मी नेमकं काय केलं ते मला पाच आठवड्यांनी समजलं. ते सांगितल्याशिवाय दत्तारामबद्दल दुसरं काही लिहिणं मला जमणार नाही.

दत्ताराम कल्याण जंक्शनात तारबाबू होता. दिवसभर तारयंत्राची कट्टकड ऐकायची आणि तिची अक्षरं करायची, हे त्याचं काम. कान असे तयार की, यंत्राच्या ठोक्यावरून पलीकडच्या बाबूचं आज घरी भांडण झालंय की नाही, तेही तो सांगत असे. आम्ही दोघंही डोंबिवलीचे, एका आळीतले. गावाच्या वाचनालयात सगळ्यांसाठी म्हणून एक बॅटरीवरचा रेडिओ होता आणि छपरावर त्याचा कर्णा. संध्याकाळी चौकात बसून लोक बातम्या, बाजारभाव, भजनं ऐकत. रेडिओच्या खोलीची किल्ली दत्तारामकडे असे, कारण बॅटरीची निगा त्याच्याइतकी कुणालाच जमत नसे. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी तो खोली उघडून काटा फिरवत बसे. असाच एकदा त्याला शॉर्टवेव्हवर परदेशी गाण्यांच्या रोजच्या कार्यक्रमाचा खजिना सापडला.

"मास्तर, नुसते डोळे मिटून बसू नका, ऐका," तो मला म्हणाला. खरखरीतून कुठलंसं दक्षिण अमेरिकेकडचं गाणं वर येत होतं. "खाली ढोल बघा कसा आहे. अगदी जुना, गावातला. आणि त्याच्या डोक्यावर ही शहरातली तुतारी. दोघांचं भांडण नाही. दोघं एका घरात नांदतायत." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याने वाळक्या दुधीत गुंजा भरून एक खुळखुळा केला होता, तो एका हाताने वाजवत दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीने टेबलावर ठोके देई... तीन ठोके, जरा दम, मग दोन. तेवढं मात्र मला बरोबर ऐकू येई. एकदा त्याने सकाळीच कर्णा चालू ठेवला. भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बारकूबाई चौकात थांबल्या. या बाई आगरी लग्नात धवले गाणाऱ्या. पाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कोनाचा लगीन हाय यो?" दत्ताराम खिडकीतून म्हणाला, "लांबचं आहे आजी, समुद्रापलीकडचं." बाई पुरतं एक गाणं ऐकून गेल्या. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वडीलधाऱ्यांनी सकाळच्या कर्ण्यावर बंदी आणली, पण दत्तारामला त्याचं काही वाटलं नाही. खरा जाणकार येऊन गेला, म्हणाला.

त्या कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक रोज एकच शब्द बोले. 'अस्तमान्याना.' याचा अर्थ काय, असं दत्तारामने मला विचारलं आणि मी, संस्कृत घेऊन बी.ए. झालेला माणूस, गप्प कसा बसणार? मी सांगितलं, हा आपलाच शब्द आहे, अस्तमान. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा त्यांच्याकडे सूर्य मावळलेला असतो, म्हणून निवेदक रोज तसं सांगतो. भाषा कुठून कुठे जातात, यावर मी चांगला पाऊण तास बोललो. दत्तारामची गाडी त्या दिवशी चुकली. पुढे तो शब्द आमचा झाला. रेडिओ बंद केला की तो मला म्हणायचा, "अस्तमान्याना, मास्तर," आणि आम्ही आपापल्या कामाला लागायचो.

मग त्याला क्षय झाला. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुचवली, आणि कानांना धोका आहे हेही स्पष्ट सांगितलं. परत येताना ठाणे स्टेशनच्या बाकावर दत्तारामने मला विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" मी म्हणालो, "अरे, आधी जीव, मग कान." दुसरं काय म्हणणार होतो? घरात शालूवहिनी, दोन लहान मुली. त्याने मान डोलावली. विसाव्या इंजेक्शनानंतर कानात शिट्टी वाजायला लागली. चालताना तोल जाऊ लागला, म्हणून वहिनी त्याचा दंड धरून चालत. एका सकाळी रेडिओपुढे बसून तो काटा फिरवत राहिला, फिरवत राहिला, आणि मला म्हणाला, "आज केंद्र लागत नाही." केंद्र लागलेलं होतं. गाणं चाललेलं होतं. मी तसं सांगितलं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं. इंजेक्शनं थांबवली, पण कान परत आले नाहीत आणि छातीही सुधारली नाही. आधी जीव, मग कान, असं म्हणालो होतो मी. एकही वाचलं नाही.

शेवटचे दोन महिने मी शाळा सुटली की त्याच्याकडे जाई. पाटीवर लिहून बोलायचा त्याला कंटाळा. मग मी त्याच्या तळहातावर ठोके देई. तीन, जरा दम, मग दोन. माझा ताल चुकला की तो डोळे न उघडता हसे. त्या रविवारी मी उठलो तेव्हा त्याने माझी बोटं धरून ठेवली आणि म्हणाला, "अस्तमान्याना, मास्तर." स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्याने बोलला. मला वाटलं, संपलं. हा निरोप घेऊन मोकळा झाला. सोमवारी मी त्याच्या दारापाशी पोचलो आणि तिथूनच माघारी फिरलो. त्या निरोपानंतर त्याच्यापुढे बसायची माझी छाती झाली नाही. मंगळवारी पहाटे तो गेला.

परवा कल्याणला रेल्वेच्या चाळीत एका गोवेकर बँडमास्तरांकडे गेलो होतो. दत्ताराम कधीमधी त्यांच्याकडे जात असे. बोलता बोलता मी तो शब्द काढला. ते म्हणाले, "सूर्यबिर्य काही नाही हो त्यात. ते स्पॅनिशमधले दोन शब्द आहेत, अस्ता मान्याना. उद्यापर्यंत. उद्या भेटू, असा निरोप असतो तो. दत्तारामला मी दोन वर्षांमागेच सांगितलं होतं. पोट धरून हसला. म्हणाला, मास्तरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

मी शालूवहिनींना विचारलं. नको होतं विचारायला, पण विचारलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी दिवसभर दाराकडेच तोंड करून निजले होते. कूस बदलू देईनात."

वाचनालयाच्या त्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे आहे. खुळखुळा टेबलावरच आहे. सकाळी मी काटा फिरवतो, खरखरीतून ढोल आणि तुतारी वर येतात आणि शेवटी तो निवेदक उद्या भेटू म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी मी हजर असतो. आता माझा एकही खाडा होत नाही.