बिब्ब्याखालचा डाग

आमच्या निपाणीकडं पायाला काही झालं की बिब्बा घालतात. भेग पडली, बिब्बा. कुरूप झालं, बिब्बा. दिव्यावर तापवून त्याचं तेल टाचेत जिरवायचं आणि कातडी काळी पडली की गुण आला म्हणायचं. माझे थोरले चुलते, आप्पा, तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. जन्मभर अनवाणी. त्यांच्या टाचेवर मसुराएवढा काळा डाग उठला, तेव्हा गल्लीनं एकमुखानं निकाल दिला: कुरूप.

बिब्बा घातला. डाग वाढला. बिब्बा उतला, कातडी पोळून फोड आले, म्हणून खोबरेल लावलं, खोबरेलानं भागेना म्हणून पुन्हा बिब्बा! आता त्यातलं रोगाचं काळं किती आणि बिब्ब्याचं किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी आप्पा कट्ट्यावर पाय पसरून दरबार भरवत. एक व्यापारी चष्मा चढवून म्हणाला, "बाभळीचा काटा मोडलाय आत." शेजारची म्हातारी उसळली, "काटा कुठला रं? तंबाखूचा डाग हाय त्यो! घासा विटकरीनं!" आप्पांनी तेही केलं.

डाग चिघळला तेव्हा चिकोडीला एका डॉक्टरांना दाखवलं. नुकतेच शिकून आलेले, सुटाबुटातले. मी चाचरत विचारलं, "वाईट रोग तर नाही ना?"

"कातडीचा कॅन्सर गोऱ्या साहेबाला होतो," ते हसले. "तुमच्या आप्पांचा रंग बघा की!"

आप्पाही हसले. काळेपणाचा फायदा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. बिब्बा उतल्याची जखम ठरली, मलम मिळालं.

मग जांघेत गाठ आली. पायाला जखम असली की अवधाण यायचंच, म्हणून तीही कुणी मनावर घेतली नाही.

शेवटी बेळगावला नेलं. काकूला एकच धास्ती, पाय कापतील. ती घरी देव पाण्यात ठेवून आलती आणि दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसलती. आत म्हाताऱ्या सर्जननी टाच स्पिरिटनं पुसली, जांघ चाचपली, पोट दाबलं.

"कॅन्सर आहे. पोटापर्यंत गेलाय. आता पाय कापून काही उपयोग नाही."

"आदी आलो असतो तर?" आप्पांनी विचारलं.

"नुसता डाग असताना?" ते हात धुऊ लागले. "खरं सांगू? मीही कदाचित कुरूपच म्हटलं असतं. त्या बिब्ब्यानं काही दिसूच दिलं नसतं."

आम्ही बाहेर येताच काकू उठली. "काय म्हनाला वो डाक्टर? कापनार?"

"न्हाय गं. पाय ऱ्हातोय."

काकूनं तिथंच हात जोडले. वाटेत मिठाईच्या दुकानात शिरून तिनं कुंदा घेतला. आप्पांनी पहिला घास माझ्या हातावर ठेवला आणि डोळे वटारले. काकू माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तो हसत हसत खाल्ला.