गाडीसाठी चढलेली रेवताबाई

आमच्या ढिवरटोल्यात, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, रेवताबाईशी भांडण ओढवून घ्यायची कोणाची छाती नाही. साकोलीच्या बाजारात एकाने तिची मासोळी दाबून बघितली आणि "शिळी आहे" म्हणाला. तिने त्याच्या पिशवीत आधी तोलून टाकलेली मासोळीसुद्धा काढून घेतली आणि नंतर कित्येक वर्षं त्याला एक शेपूटही विकलं नाही. त्याने बायकोला पाठवून बघितलं, तर तिलाही नाही. आपण खरं असताना कोणी खोटं ठरवलं की या बाईचं डोकं ठिकाणावर राहत नाही. आणि अशा बाईकडून, सगळ्या मुलखासमोर, माईकवर "आम्ही चोर" असं वदवून घेतलं गेलं. मी गावची आशा सेविका, सत्यवती. घरोघरी गोड बोलायची मला सवय आहे, पण ही गोष्ट मला गोड करून सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी रेवताबाईची सून ज्योत्सना बाळंतपणात अडली. फोन केला तर दवाखान्याची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी धानाची पोती वाहणाऱ्या ऑटोत तिला निजवलं. खड्ड्यांतून आपटत आपटत आम्ही निघालो आणि हायवे लागायच्या आधीच बाळ गेलं. रेवताबाई रडली नाही. ऑटोच्या पत्र्यावर मुठी आपटत राहिली. पुढे गावाला एक गाडी मिळावी म्हणून तिने पुढाऱ्यांपासून साहेबांपर्यंत कोणाला सोडलं नाही. सगळ्यांनी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग या हिवाळ्यात नागपूरची एक संस्था आली. ज्या पहाडीवर सरपण आणि मोहफुलं वेचता वेचता आमच्या आयांचे गुडघे गेले, तिला या लोकांनी बॅनरवर 'शिखर' केलं. शहरातले हौशी लोक दिवसभर तिच्यावर चढणार-उतरणार, त्यांच्या नावाने देणग्या गोळा होणार आणि त्यातून एका गावाला रुग्णवाहिका मिळणार. कोणत्या गावाला? आजूबाजूच्या प्रत्येक गावाला एकेक नंबर दिलेला, त्यातल्या ज्या गावाचा नंबर उन्ह निघाल्यापासून दिवस बुडेपर्यंत न थांबता पहाडीवर चालता राहील, त्याला. म्हणजे गाडी हवी असेल तर आधी आमची दमछाक बघायची होती त्यांना! गाडी पायथ्याशीच उभी केलेली, पांढरीशुभ्र, लाल फीत बांधलेली. लेकरांनी हात लावला की एक स्वयंसेवक हाकलून द्यायचा.

"काकू, तुमचं वय आहे का हे?" मी रेवताबाईला म्हटलं.

"गाडी घरी चालत येऊन रायली का?" ती माझ्यावरच खेकसली. "ज्योत्सनाले आठवा लागला. अजून पोत्याच्या ऑटोत घालू का तिले?"



संस्थेच्या कुलदीप साहेबांनी सकाळी स्वतः तिच्या छातीवर नंबराचा कपडा बांधला आणि फोटो काढून घेतला. शहरातले लोक भारी बूट घालून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन निघाले. रेवताबाई नऊवारीचा काष्टा मारून, अनवाणी निघाली. दुपारपर्यंत बाकीच्या गावांचे बहुतेक नंबर खाली बसले. ही मात्र वर जायची, झेंड्याला हात लावायची, खाली यायची, तांदळाच्या पेजेचे चार घोट उभ्यानेच घ्यायची आणि पुन्हा वर. ज्योत्सना मंडपाच्या सावलीत खुर्चीवर बसून सासूकडे बघत होती.

उन्ह कलायला लागलं तशी रेवताबाईची पोटरी धरली. पायथ्याशी तिची धाकटी जाऊ गिरजाबाई उभीच होती. तिने काही विचारलं नाही. रेवताबाईच्या छातीवरचा कपडा सोडला, आपल्या छातीवर बांधला आणि चढायला लागली. गिरजाबाई दमल्यावर शेजारची सुलोचनाबाई गेली. मग पुन्हा रेवताबाई. हे सगळं मंडपासमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या, कपडा बांधणाऱ्या बायकांचे फोटो काढले. एक मुलगी तर "सो स्वीट" म्हणाली.

ज्यांनी तलावात मोठं जाळं ओढताना बघितलं नाही त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे जाळं एकटा माणूस ओढतच नाही. एकाचे हात गळाले की मागचा दोर धरतो आणि पहिला बाजूला होतो. दोर ढिला पडता कामा नये, एवढंच बघायचं. जाळं कोणी ओढलं, असं विचारलं तर टोल्याने ओढलं, हेच उत्तर. नंबर गावाचा आहे आणि तो थांबला नाही पाहिजे, असं सांगितल्यावर आमच्या बायकांनी आणखी काय करायला हवं होतं? एकच माणूस मरेस्तोवर चालला पाहिजे, हे कोणी बोललं नाही. त्यांना ते सांगण्याची गरज वाटली नाही आणि आम्हाला ते सुचलं नाही.

दिवस बुडाला तेव्हा पहाडीवर एकाच गावाचा नंबर चालत होता, आमचा. सगळा टोला ओरडत होता. तेवढ्यात कुलदीप साहेबांनी माईक घेतला. "ढिवरटोल्याने नंबराची अदलाबदल केली आहे. ही फसवणूक आहे. नंबर बाद."

फसवणूक! दुपारभर टाळ्या वाजवून झाल्यावर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. रेवताबाई लंगडत मंचाकडे गेली.

"साहेब, कायची फसवणूक? थकली म्हणून दोर सोडाचा का? मागचा माणूस हात घालते."

"मावशी, इथे दोर नाही, नियम आहेत," साहेब हसत म्हणाले.

हसले, हे मी विसरणार नाही.

मग मंचावरच्या मोठ्या लोकांची कुजबुज झाली. दुसरं कोणतं गाव टिकलं नव्हतं. गाडी परत न्यावी तर कार्यक्रमाची शोभा जात होती. साहेब पुन्हा माईकवर आले. म्हणाले, संस्थेचं मन मोठं आहे. गावाने सगळ्यांसमोर चूक कबूल केली, माफी मागितली, तर गाडी देऊ. आणि माईक रेवताबाईपुढे धरला. समोर व्हिडिओवाला तयारच होता.

"चाल वो घरी," इतवारी, तिचा नवरा, खालून ओरडला. "नोको आपल्याले याह्यची गाडी!"

सगळ्या टोल्याला तेच हवं होतं. मलाही. रेवताबाई आता माईक फेकणार, साहेबांना दोन शिव्या हासडणार आणि आम्ही मान वर करून घरी जाणार, असं मला वाटलं. तिने माईक हातात घेतला. मंडपाकडे बघितलं. ज्योत्सना पोटावर हात ठेवून खुर्चीतून उठायला बघत होती.

"आमी चोर आहो," रेवताबाई म्हणाली. "आमी चोरी केली. माफी करा. आता गाडीची चाबी द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. साहेबांनी तिच्या खांद्याला हात लावला, तो तिने झटकून टाकला. पुढे तो व्हिडिओ गाणं लावून सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. खाली लिहिलेलं, 'प्रामाणिक कबुली'. गिरजाबाईने पंधरवडाभर जावेशी बोलणं टाकलं. इतवारी जेवायला बसला की पाठ फिरवून बसायचा. रेवताबाई कोणालाच काही म्हणाली नाही, आणि तिचं हे गप्प राहणं मला सगळ्यात जास्त टोचत होतं. गाडी ग्रामपंचायतीसमोर उभी राहायची. रेवताबाई तिच्याकडे न बघता बाजाराला जायची.

एका सकाळी ज्योत्सनाच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाडी लगेच निघाली. आम्ही वेळेत दवाखान्यात पोहोचलो. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नर्सने बाळ आणून दिलं तेव्हा रेवताबाईने त्याचं तोंड बघितलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते इतवारीच्या हातात दिलं. मग माझा दंड धरून मला व्हरांड्यात ओढत नेलं.

"त्या कुलदीप साहेबाले फोन लाव."

मला वाटलं, आभार मानायचे असतील. मी लावला आणि स्पीकरवर टाकला. साहेबांनी बातमी ऐकली आणि "अरे वा, अभिनंदन मावशी!" म्हणाले.

"थांब," रेवताबाई म्हणाली. "पोरगी सुखरूप निघाली. आता माहे शब्द मले वापस पायजे. मी चोर नोहो. माही जाऊ चोर नोहो. त्या दिवशी मी खोटं बोलली, पोरीसाठी. तू बी खोटा बोलला, अन् तुले तं कायचीच गरज नव्हती. जेवढ्या लोकायसमोर बोलाले लावलं तेवढ्याच लोकायसमोर सांग, ढिवरटोल्याचा नंबर खरा होता. गाडी न्याची असन तं घेऊन जा, पण टोल्यात ये अन् या पोरीच्या तोंडाकडे पाहून ने."

पलीकडून साहेब काहीतरी म्हणाले, नेटवर्कचं, मीटिंगचं. फोन कट झाला.

रेवताबाईने व्हरांड्याच्या कठड्यावर मूठ आपटली. गावात ती शांत झाली असं लोक म्हणत होते, ते किती चुकीचं होतं हे मला तेव्हा दिसलं. तिने राग टाकला नव्हता. नात जन्माला येईपर्यंत तो नुसता दाबून धरला होता.

"अजून लाव," ती म्हणाली.

"काकू, ते उचलणार नाहीत."

"नाई उचलन तं उद्या लाव. परवा लाव. लाव तू."

मी पुन्हा नंबर लावला.