फोटोखालचं वर्णन

कॉलेजात त्यांना सगळे साइटमास्तर म्हणत. नेमणूक झाली होती संगणकाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून, पण प्राचार्यांना एके दिवशी आपल्याही कॉलेजची वेबसाइट असावी असं वाटलं आणि त्या क्षणी त्यांच्या खोलीत नेमके हेच उभे होते. कॉलेजात जो समोर उभा असतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. तेव्हापासून जिन्याखालची खोली मास्तरांची झाली. वर्ग सुटला की डोक्यावरून मुलांचा लोंढा उतरे आणि छताचा चुना भुरभुर टेबलावर, की-बोर्डवर आणि मास्तरांच्या टकलावर पडे. टक्कल नवीन होतं तेव्हा ते रुमालाने झटकत. आता तेवढं मनाला लावून घेत नसत.

वेबसाइट त्यांनी एकट्याने उभी केली होती आणि ती दिसायचीही तशीच. घर बदलताना सामान जिथे जागा मिळेल तिथे टेकवतात, तसा सगळा प्रकार. वरच्या बाजूला सूचनांची पट्टी इतक्या वेगात पळायची की परीक्षेची तारीख कळायला मुलांना पट्टीबरोबर मान पळवावी लागे. मधोमध प्राचार्यांचा फोटो. त्याच्याखाली प्राचार्यांचं मनोगत, आणि मनोगताच्या बाजूला, कुणाला शंका राहू नये म्हणून, प्राचार्यांचा आणखी एक फोटो.

अशात वरून पत्र आलं. कॉलेजची वेबसाइट अपंग व्यक्तींनाही वापरता आली पाहिजे, तपासायला समिती येईल. प्राचार्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोडगा काढला. पहिल्या पानावर एक हिरवा बिल्ला लावायचा, 'सर्वांसाठी खुले'. मास्तरांनी बिल्ला लावला. काम संपलं असं समजून दोघेही आपापल्या खुर्चीत टेकले.

काम संपलेलं नाही हे मास्तरांना कळलं ते घरी, भाजी निवडणाऱ्या बायकोकडून.

घरात मागच्या खोलीत मास्तरांची थोरली बहीण राहायची. ताई. याच कॉलेजची ग्रंथपाल. उभ्या आयुष्यात तिने हजारो मुलांच्या हातात पुस्तकं ठेवली, त्यांना हाकलून वर्गात पाठवलं, आणि स्वतः मात्र कॉलेजच्या एकाही वर्गात कधी बसली नाही. वडील गेले, धाकट्याचं शिक्षण व्हायचं होतं, म्हणून ती शिकायची सोडून नोकरीला लागली होती. तो धाकटा म्हणजे मास्तरच. निवृत्तीनंतर संध्याकाळच्या वर्गाला नाव घालून इतिहास शिकायचा असं तिने ठरवलं होतं. पण निवृत्तीच्या आधीच डोळे गेले. हळूहळू गेले, आधी पुस्तकांच्या पाठीवरची नावं, मग पायऱ्या, मग माणसं. शेवटच्या दिवशी तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि नंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. हे वाक्य मास्तरांनी एकदा तिच्यासमोर वापरलं आणि जीभ चावली. ती म्हणाली होती, "चावू नकोस, तेवढी एकच धड आहे तुझ्याकडे."

तिला पाहुणी म्हणून बोलवायला लोक येऊन गेले होते. सत्कार, शाल वगैरे. तिने सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. कुणीतरी हाताला धरून नेणार, खुर्चीत बसवणार आणि गोड बोलणार. तिला ते नको होतं. तिला काय हवं होतं ते मात्र ती बोलत नसे.

आणि आता बायको सांगत होती की दुपारी सगळं सामसूम झालं की वन्सं फोनशी भांडतात. ताईचा फोन बोलायचा. पडद्यावर बोट फिरेल तिथलं तो वाचून दाखवी, आणि तोही अशा वेगाने की दुसऱ्याला वाटावं डबा जिन्यावरून घरंगळत गेला. ताईला त्यातलं अक्षर न् अक्षर कळे. बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकलं होतं. फोन रोज कॉलेजचं नाव घेतो. मग 'प्रवेश अर्ज' म्हणतो. मग बराच वेळ ताई लिहीत बसते. आणि मग फोन म्हणतो, ज्या चौकटींत सायकल आहे त्या निवडा. त्यानंतर कपाटाचा खण उघडतो, फोन आत जातो आणि खण बंद होतो.

"काल म्हणत होत्या, स्वतःशीच, की यंदा नाही जमलं तर नाद सोडायचा," बायको म्हणाली. "मी सांगितलं म्हणून सांगू नका. मला या घरात राहायचंय."

मास्तर चहाचा कप हातात घेऊन बसून राहिले. ती सायकल त्यांनीच आणून बसवली होती. अर्ज भरणारा माणूसच आहे, यंत्र नव्हे, याची खात्री करायला कुठूनसं फुकट मिळालेलं चित्रांचं कोडं. माणूस असल्याचा पुरावा म्हणून सायकल ओळखायची. ऐकायची सोय त्यात नव्हती. ताई रोज दुपारी कॉलेजच्या दारापर्यंत येत होती आणि तिच्याच ठोंब्याने दारात उभ्या केलेल्या सायकलीला अडखळून परत जात होती.

ठोंब्या हे ताईने लहानपणी ठेवलेलं नाव. ते वापरायचा अधिकार आता जगात तिला एकटीलाच उरला होता.

तिला विचारायची सोय नव्हती. 'अर्ज मी भरून देऊ?' म्हटलं असतं तर खण कायमचा बंद झाला असता. बँकेतले, दवाखान्यातले, सगळे कागद दुसऱ्यांनी भरलेले तिने निमूट सोसले होते. हा एक अर्ज तिला स्वतः भरायचा होता. शेवटची तारीख जवळ येत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर प्राचार्यांपुढे उभे राहिले आणि कोडं काढायची परवानगी मागितली. प्राचार्य म्हणाले, उद्या यंत्रांनी खोटे अर्ज भरले तर? मास्तर म्हणाले, आपल्याकडे खरी मुलं यायला तयार नाहीत, यंत्रांना काय पडलंय. हे प्राचार्यांना आवडलं नाही. मग मास्तरांनी खिशातून फोन काढला, त्याला बोलायला लावलं आणि वेबसाइटच्या पहिल्या पानावर प्राचार्यांच्या फोटोवर बोट ठेवलं.

"चित्र," फोन खणखणीत आवाजात म्हणाला. "साहेब, फायनल, नवीन फायनल, खरंच फायनल, दोन."

फाइलला ते नाव मास्तरांनीच दिलेलं होतं. प्राचार्यांनी फोटो सारखे बदलायला लावले त्या काळात. प्राचार्यांचा चेहरा पडला. ज्यांना दिसत नाही ते सगळे आपल्याला या नावाने ओळखतात काय, असं त्यांनी हळूच विचारलं. मास्तर म्हणाले, हो सर, समितीत एक अंध सदस्य आहेत म्हणे, तेसुद्धा.

परवानगी उभ्या उभ्या मिळाली. शिवाय प्राचार्यांनी आपल्या फोटोचं वर्णन स्वतः सांगितलं, त्यात 'तेजस्वी' दोनदा होतं. घासाघीस करून मास्तरांनी ते 'चष्मा लावलेले, हसरे प्राचार्य' इथपर्यंत खाली आणलं.

त्याच दिवशी कोडं निघालं. अर्ज भरताना थोडा वेळ गेला की पान आपोआप बंद व्हायचं, तेही मास्तरांनी काढून टाकलं. सावकाश भरणाऱ्याला हाकलून देणारं पान कशाला. नुसतं 'बटण, बटण' म्हणणाऱ्या बटणांना नावं दिली. पळती पट्टी थांबवली, तशी मुलांनी परीक्षेची तारीख पहिल्यांदाच स्थिर पाहिली आणि काहींना घाम फुटला. मग ते चित्रांकडे वळले. प्रत्येक चित्रामागे चार शब्द लिहायचे, डोळ्यांनी बघणाऱ्याला न दिसणारे, फक्त बोलणाऱ्या फोनला कळणारे.

इथे मास्तरांचा तोल गेला. चार शब्द त्यांना पुरेनात. फाटकाचा फोटो आला तर त्यांनी फाटकाचा रंग लिहिला, रंगाचे उडालेले पोपडे लिहिले, बाजूचा रखवालदार आणि त्याच्या खुर्चीखाली झोपलेलं कुत्रं लिहिलं. लहानपणी कुठे काही बघायला गेलं की बुटक्या ठोंब्याला गर्दीत नुसत्या पाठी दिसत. ताई टाचा उंचावून बघायची आणि खाली वाकून सगळं त्याच्या कानात सांगायची. आता कुणाच्या तरी कानात सांगायची पाळी त्यांची होती आणि आयुष्यभर साठलेलं एकदम बाहेर येत होतं. ग्रंथालयाच्या फोटोमागे तर त्यांनी लिहिलं: 'लांब टेबलं, दिव्यांचे हिरवे टोप. कोपऱ्यातल्या खिडकीची कडी अजून लागत नाही. तिच्याखालची खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यावर हल्ली कुणीही बसतं.'

दोन दिवसांनी जेवताना ताई म्हणाली, "कडी अजून दुरुस्त नाही म्हणजे कमाल आहे."

मास्तरांना ठसका लागला. बायकोने पाणी पुढे केलं आणि तोंडाला पदर लावला.

ताईने शांतपणे पुढचा घास घेतला. सहज तिकडे फिरकले होते, म्हणाली. मग तिने मास्तरांची हजेरी घेतली. फाटकाचं वर्णन ऐकता ऐकता चहा गार झाला. दोन परिच्छेदांमधल्या शोभेच्या रेघेलाही 'एक नाजूक निळी रेघ' असं लिहिण्याचं कारण काय? पानावर रेघा पंचवीस, प्रत्येक नाजूक आणि प्रत्येक निळी. शोभेच्या वस्तूंबद्दल गप्प बसावं, आणि कामाचं असेल ते पहिल्या शब्दात सांगावं. ग्रंथपालबाईंचा जुना आवाज परत आला होता. मास्तर मान खाली घालून ऐकत होते आणि मनातून असे खूश होते की बायकोला त्यांच्या ताटात चुकून काही नशेचं पडलं की काय असं वाटलं.

"कुत्रं काढू?" त्यांनी विचारलं.

"कुत्रं राहू दे," ताई म्हणाली. मग उठता उठता, "कडीसुद्धा."

अर्जाबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

मास्तरांनी रेघा गप्प केल्या. पण उत्साहाच्या भरात एक घोळ त्यांनी आधीच करून ठेवला होता. इथून पुढे वेबसाइटवर एकही चित्र शब्दांशिवाय चढणार नाही, असा कडक नियम त्यांनी यंत्राला घालून दिला होता. यंत्राने तो इमाने इतबारे पाळला. प्रवेश अर्जात मुलं आपला फोटो जोडत. त्याच्याखालीही चौकट उमटू लागली, 'या चित्राचं वर्णन लिहा', आणि लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना.

कार्यालयातले बडेबाबू कागदांचा गठ्ठा घेऊन जिन्याखाली आले तेव्हा मास्तरांना हे कळलं. एका मुलाने लिहिलं होतं, 'मी. प्रत्यक्षात बरा दिसतो.' एकाने नुसतं 'देखणा'. एका मुलीने लिहिलं होतं, 'रडून झाल्यावर काढलेला'. एका बापाने मुलाच्या फोटोखाली 'आळशी' लिहून मोकळं केलं होतं. बडेबाबूंचं म्हणणं, हे अर्ज आहेत की वधूवर मंडळ? चौकट आत्ताच्या आत्ता काढा, आज शेवटचा दिवस आहे.

मास्तर काढायला बसले. आज शेवटचा दिवस, आणि ताईचा अर्ज आला नव्हता. सकाळपासून त्यांनी येणाऱ्या अर्जांवर डोळा ठेवला होता. घरून निघताना मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून आवाज नव्हता. वरून वर्ग सुटला, चुना पडला. तो झटकायला त्यांनी हात वर नेला आणि पडद्यावर नवा अर्ज आला.

अभ्यासक्रम, इतिहास, संध्याकाळचे वर्ग. पूर्वीचा व्यवसाय, ग्रंथपाल. सगळ्या चौकटी भरलेल्या, एकही चूक नाही. खाली फोटो. तिने स्वतःच फोनने काढलेला.

आणि फोटोखालच्या चौकटीत लिहिलं होतं: 'माझा फोटो. कसा आलाय मला माहीत नाही. ठोंब्या, तू बघ आणि मला सांग.'

बडेबाबू दारात उभे होते. मास्तर म्हणाले, काढतो, दहा मिनिटं द्या. त्यांचा आवाज ऐकून बडेबाबू परत गेले.

मास्तरांनी फोटो मोठा केला. ताई रोज घरात होती, रोज समोर जेवायला बसायची. पण तिचे डोळे गेल्यापासून त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलंच नव्हतं. ती बघत नसताना तिला बघायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटे. बोलताना ते भिंतीकडे, ताटाकडे, कुठेही बघत. फाटकावर पान भरून लिहिणाऱ्या माणसाला आता एक शब्द सुचेना. चौकट न काढताच ते उठले आणि भर दुपारी घरी आले.

ताई खिडकीशी बसली होती. फोन खणात नव्हता, मांडीवर होता.

"लवकर आलास," ती म्हणाली. "सांग."

मास्तर समोरच्या स्टुलावर बसले. या वेळी त्यांनी भिंतीकडे बघितलं नाही. म्हणाले, फोटो थोडा तिरका आहे, वर पंख्याचं एक पातं आलंय. केस जवळजवळ सगळे पांढरे, पण भांग सरळ आहे. आई उंबऱ्यात उभी राहून आपली वाट बघायची तेव्हा हनुवटी जरा वर करायची, तशी केली आहेस. डोळे उघडे आहेत. कुणीतरी यायचंय असं वाटतं.

ताईने मांडीवरचा फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "लांबलं थोडं. पण चालेल." आणि हात पुढे करून तिने विचारलं, "आणि तू? मला तू कपाळावर झुलपं आलेलाच दिसतोस अजून. तसाच आहेस ना?"

मास्तर तोंड उघडणार तेवढ्यात त्यांना आठवलं की जे कामाचं असेल ते पहिल्या शब्दात सांगायचं असतं. त्यांनी तिचा हात धरला, मान खाली केली आणि तो आपल्या डोक्यावर ठेवला. ताईची बोटं टकलावरून सावकाश फिरली, मागे गेली, कानाजवळ उरलेल्या केसांपाशी थबकली आणि तिथेच राहिली. बोटांना चुना लागला.

"वर्ग कधी सुरू होतात?" तिने विचारलं.