आत्याचा आवाज कापायचा नाही

माझ्या आत्याला परवा एका माणसाने ‘नॉइज’ म्हटलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. आणि डोकं फिरलंय, म्हणूनही.

आत्या पिंगळीच्या शाळेत बाई होती. टीव्हीवर नव्या सिनेमांची समीक्षा करणारा एक कार्यक्रम लागायचा, त्याचं तिला भयंकर वेड. आमच्या बौद्ध वस्तीत टीव्ही नव्हता. वस्तीला लागून एका बागायतदारांचं घर होतं, त्यांच्या खिडकीबाहेर उभं राहून आम्ही तो बघायचो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं आणि त्यांनी ती खिडकी लावून घेतली.

आत्याने टीव्ही आणला. दार सताड उघडं ठेवलं.

आणि त्याच घरातल्या काकू, घरच्यांना न जुमानता, सगळ्यांच्या आधी येऊन पुढची जागा पकडायला लागल्या!

कार्यक्रम आत्या टेप करायची. म्हणजे काय, तर टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर टेपरेकॉर्डर आणि सगळ्यांना दम. “गप बसा. रेकॉर्डिंग चालू हाय.”

समीक्षकांनी तोंड उघडलं की पहिली तीच सुरू. “काय बोलायलाय ह्यो माणूस!”

त्या कॅसेट्स आता माझ्याकडे आहेत. पुण्याचे एक संग्राहक डिजिटल करून देणार होते. मूळ कार्यक्रम कुठेच शिल्लक नाही म्हणे, त्यामुळे आमचा माल एकदम रेअर.

परवा त्यांचा फोन आला.

“मॅडम, मागे एक बाई सारख्या बोलतायत. तेवढा नॉइज काढून टाकतो. आणि एका ठिकाणी लाईट गेलीय, तो भाग कट करू. त्यात काहीच नाही.”

काहीच नाही?

तो भाग मला पाठ आहे.

गावाकडच्या एका सिनेमातल्या दलित बाईबद्दल समीक्षक बोलतायत. “किती सोशिक, किती खरी...”

आणि लाईट जाते. टीव्ही गप्प. पण टेप सेलवर होता, तो फिरतच राहतो.

अंधारात काकूंचा आवाज येतो. “बाई, आता फुडचं तुमीच सांगा.”

आत्या वाटच बघत असते. “खरी? अवो, सिनेमाभर मान खाली घालून बसलीय ती! आमच्या वस्तीत अशी एक तरी दाखवा. माझी माय पाण्यासाठी आख्ख्या गावाशी भांडली. ती न्हाई दिसली व्हय कुणाला?”

“मंग शेवट कसा पायजे व्हता?”

“आदी तिला बोलू द्या. शेवट तिचा ती करल.”

मग हशा. लय मोठा हशा. काकूंचा सगळ्यात वरचा.

मी संग्राहकांना म्हटलं, “कापायचंच असेल तर समीक्षकांना कापा.”

“अहो, पण लोकांना ते ऐकायचेत.”

“मग लोकांना आधी हिला ऐकावं लागेल.”

कॅसेट्स काल जाऊन परत आणल्या. लाईट गेलेला तो भाग मी मोबाईलवरच रेकॉर्ड केलाय, खाली टाकतेय. खरखर आहे. असू दे. आवाज फुल करून ऐका.

आत्या, गेलेल्या माणसासाठी दोन मिनिटं गप्प उभं राहायची पद्धत आहे.

तुझ्यासाठी ते जमणार नाही.

जय भीम. बोलत राहा.