सात नंबरची चिकटपट्टी

समजा, तुम्हाला असं काम दिलं आहे: लहान मुलांच्या वॉर्डात काल जी मुलं दाखल झाली, त्यांच्यातलं कोण पुढे खंगत जाईल ते आज ओळखायचं. खंगलेलं कोण आहे ते नव्हे, ते तर लिफ्टवाल्यालाही दिसतं. हातात दंड मोजायची एक फीत, एक वजनकाटा आणि चार प्रश्न. मूल वाळलेलं दिसतं का? आजार अंगाला अन्न लागू न देणारा आहे का? खाणं कमी झालंय, उलट्या-जुलाब होताहेत का? वजन घटलंय, निदान वाढायचं थांबलंय का? प्रत्येक 'हो'ला गुण; गुण जास्त तितका धोका जास्त. सोपं वाटलं ना? आता पलंगापाशी जा. मूल तुम्हाला सुईवाली समजून भोकाड पसरतं. आई म्हणते, "खातो की चांगला." बाप म्हणतो, "कुठं खातो? नुसता चिवडत बसतो." आजी म्हणते, "आमच्याकडे सगळे सडपातळच." द्या आता गुण!

हे काम ज्या मुलीकडे होतं तिला वॉर्डात सगळे 'वजनवाली ताई' म्हणायचे. शिकून ती आहारतज्ज्ञ झाली होती, पण तो शब्द तोंडात बसेना म्हणून पोरांनी तो कधीच टाकून दिला होता. घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. नोकरीसाठी नव्या शहरात आली, तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडणारी. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांनी किती घास खाल्ले याची चौकशी करायची आणि संध्याकाळी एकटीपुरतं शिजवायचं तिच्या जिवावर यायचं. रविवारी दादाचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"झालं."

गॅस पेटलेलाही नसायचा. दादाचं तेवढ्यावर समाधान व्हायचं आणि मग बोलायला दोघांकडेही फारसं काही उरायचं नाही.

सात नंबरच्या पलंगावर दीड वर्षाचा एक मुलगा आला. त्याचा आवाज असा की खालच्या गेटवरच्या रखवालदारानंही मान वर करावी, म्हणून सिस्टरनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं भोंगा. त्याच्या हृदयाला छिद्र होतं. रडला की ओठ निळे पडायचे. सर्जननी स्वच्छ सांगितलं, "सात किलोच्या पोराला मी हात लावणार नाही. आठ करून द्या, लगेच घेतो."

म्हणजे जबाबदारी वजनवालीवर आली. तिनं मोठ्या उमेदीनं दुधात काय घालायचं, अंडं कधी, केळं कधी, सगळं बसवून दिलं. पण भोंग्याला काट्याच्या गार तबकात ठेवायची सोय नव्हती. पाठ टेकायच्या आत तो निळा व्हायचा. अशा मुलांना आईच्या कडेवर ठेवून आईलाच मोठ्या काट्यावर उभं करतात. मग आईचं एकटीचं वजन घेऊन ते वजा करायचं.

इथं वजनवालीनं एक युक्ती काढली होती. रोज दोनदा कशाला चढा-उतरायचं? पहिल्या दिवशी आईचं वजन करायचं आणि आकडा चिकटपट्टीवर लिहून पलंगाच्या डोक्याशी लावून टाकायचा. पुढे रोज दोघांचं वजन, त्यातून चिकटपट्टी वजा. सकाळच्या धांदलीत वेळ वाचायचा. सिस्टर खूश झाली होती. "शिकलेल्या माणसाचा हा फायदा बघा," असं तिनं चारचौघांत म्हटलं होतं आणि त्या वाक्यावर वजनवालीचे पुढचे कितीतरी दिवस बरे गेले होते. सात नंबरच्या चिकटपट्टीवर आकडा होता, अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन.

आठवडा झाला तरी भोंग्याचं वजन हलेना. ताट मात्र चाटूनपुसून परत यायचं.

"ताट तर लख्ख येतंय," सिस्टर हळूच म्हणाली. "कोणाच्या पोटात जातंय, देव जाणे."

वजनवालीनं मग विचारलं. हसत हसतच, पण वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काय हो भोंग्याची आई, केळं नक्की त्याच्याच पोटात जातं ना? की अर्धं तुमच्या?"

आजूबाजूच्या आया हसल्या. भोंग्याची आई हसली नाही. "तोच खातो, ताई," एवढंच म्हणाली आणि त्याचं तोंड पुसत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ताटात उरलंसुरलं तसंच परत येऊ लागलं. पावाची कड, अंड्याचा तुकडा, तळाशी दोन चमचे भात. वजनवालीनं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, आता खरं किती खातो ते तरी कळतंय.

वजन आता घटायलाच लागलं. विचित्र गोष्ट अशी की फीत काही वेगळंच सांगत होती. भोंग्याचा दंड भरत होता, गालाला गोलाई आली होती. सर्जननी पाय दाबून सूज पाहिली, सूज नव्हती. वजनवालीनं फितीला दोष दिला. आकडा कसा खोटा बोलेल? चिकटपट्टीवरचा तर तिच्याच हातचा होता.

तीन आठवड्यांनी हिशोब निघाला सहा पूर्णांक सहा. आला तेव्हा सात पूर्णांक एक होता.

सर्जन राउंडला उभ्या उभ्या म्हणाले, "उद्या नाकातून नळी घाला. ऑपरेशनची पाळी मी दुसऱ्या मुलाला देतो. याचा नंबर पुन्हा कधी लागेल, सांगता येत नाही."

ते पुढे गेल्यावर भोंग्याच्या आईनं वजनवालीची बाही धरली. "ताई, मीच कुठे कमी पडतेय का हो?"

"बघू," म्हणून वजनवालीनं बाही सोडवून घेतली.

त्याच दुपारी भोंग्याच्या हृदयाची तपासणी होती. हलू नये म्हणून त्याला झोपेचं औषध पाजलं होतं. तपासणी संपली तरी तो गाढ झोपलेला होता. इतके दिवस जे जमलं नव्हतं ते करायची ही संधी बघून वजनवालीनं त्याला अलगद उचलून तबकात ठेवलं.

आठ पूर्णांक शून्य.

"काटा रुसलाय तुमचा," सिस्टर म्हणाली.

वजनवालीनं सलाइनच्या न फोडलेल्या, वजन ठाऊक असलेल्या बाटल्या तबकात ठेवून पाहिल्या. काटा ठणठणीत होता. मग तिची नजर सात नंबरच्या डोक्याशी गेली. तीन आठवड्यांत चिकटपट्टीच्या कडा मळल्या होत्या, आकडा मात्र होता तस्सा होता.

"भोंग्याची आई, जरा इकडे या. एकट्याच उभ्या राहा."

सेहेचाळीस पूर्णांक आठ.

पोर सगळा वेळ वाढत होतं. घटत होती ती आई, आणि तिची घट रोज सकाळी पोराच्या नावावर चढत होती.

"तुम्ही जेवता कुठं?" वजनवालीनं विचारलं.

"खाते की."

"कुठं?"

बाई पलंगाच्या कडेला बसली. दवाखान्याचं ताट फक्त मुलाला मिळायचं. आयांनी खाली कॅन्टीनमध्ये जाऊन जेवायचं. "मी दाराबाहेर पाऊल टाकलं की हा रडतो. रडला की ओठ निळे. याचे बाबा दूर कामावर. मग कोणाच्या जिवावर सोडून जाऊ? चहा मिळतो इथं. बिस्किटं असतात. चालतं."

"मग सांगायचं नाही का!"

"कोणी विचारलंच नाही," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. विचारलं तर उत्तर देतात, तशी तिनं माहिती दिली.

वजनवाली जिना चढून सर्जनच्या खोलीत गेली. वाटेत तिनं वाक्य जुळवलं होतं, ते दारातच विसरली. "सर, चूक माझी आहे. मुलगा आठ किलोचा आहे. मी आईचं वजन रोज केलं नाही."

सर्जननी ऐकून घेतलं. "माणसं चिकटपट्टीवर लिहून ठेवता तुम्ही?" एवढं बोलून त्यांनी फोन उचलला आणि भोंग्याला त्याची पाळी परत मिळवून दिली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

खाली येऊन तिनं भोंग्याला कडेवर घेतलं. "जा, जेवून या. मी आहे."

आई उठली, दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. भोंगा जागा झाला आणि त्यानं भोंगा लावला. वजनवाली त्याला घेऊन खिडकीपाशी गेली, खालची वाहनं दाखवू लागली, लाल, पांढरं, पुन्हा लाल. ओठांचा रंग पाहता पाहता तिचा जीव टांगणीला लागला. तो निळा होतोय असं वाटेपर्यंत आई धापा टाकत परत आली होती. शेवटचा घास अजून तोंडातच होता.

"एवढ्यात झालं?" सिस्टर म्हणाली. "ताटासकट गिळलंत की काय?"

या वेळी भोंग्याची आई हसली.

ऑपरेशन पार पडलं. भोंगा वरच्या मजल्यावर गेला आणि तिथूनच घरी. त्या दिवशी वजनवालीची सुट्टी होती. ती कामावर आली तेव्हा सात नंबरवर दुसरं मूल होतं, डोक्याशी लोखंडावर चिकटपट्टीची जागा तेवढी पांढरट दिसत होती. आता सगळ्या आया रोज दोनदा काट्यावर चढतात. एकीचं जेवण होईपर्यंत दुसरीचं मूल सांभाळायची पाळीही सिस्टरनं लावून दिली आहे.

रविवारी दादाचा फोन आला. "जेवलीस?"

"झालं," ती म्हणाली आणि बंद गॅसकडे बघत राहिली. फोन ठेवल्यावर तिला ती ताटं आठवली, आधी लख्ख येणारी, मग उरलंसुरलं घेऊन येणारी. पावाची कड. अंड्याचा तुकडा. दोन चमचे भात. तेवढ्यावरच ती बाई पहिला आठवडा निभावत होती का? आणि केळं कोणाच्या पोटात जातं, हे आपण सगळ्यांसमोर हसत विचारलं नसतं, तर तिनं तेवढं तरी खाल्लं असतं का?