चिबडातल्या बाई

पदर कमरेला खोचला की बाईंचं बोलणं संपलं, असं आम्ही समजायचो. पुढचं सगळं हातानं व्हायचं.

"आधी पाय ओले कर, मंग तोंड उघड," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चौथीतल्या एखाद्या पोरानं पुस्तकातली पक्ष्यांची ओळ घडाघडा म्हणून दाखवली, की बाई त्याला मानगुटीला धरून वर्गाबाहेर काढायच्या आणि थेट तलावाच्या वरच्या अंगाला न्यायच्या. मागून अख्खा वर्ग. गुडघाभर चिखलात उभं करून विचारायच्या, "आता सांग, कोन राह्यते इथं?" पोरगं चुकलं की पाठीत धपाटा बसे. बरोबर आलं तरी एक हलकासा बसेच. त्याला पोरं शाबासकी म्हणत.

मारकुट्या शिक्षकांच्या हाताखालून तुम्हीही गेला असाल. त्यातले बरेचसे आपला राग पोरांवर काढतात. बाई तसं करत नव्हत्या, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यात राग होता, आणि तो कुठून आला हे गावाला ठाऊक होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. दुसरबीडहून आत, लोणारच्या बाजूला असलेल्या एका गावात माझी नेमणूक झाली. शाळेत आम्ही दोघंच, बाई आणि मी. बाई त्याच गावच्या, ओढ्याकाठच्या बौद्ध वस्तीतल्या. गावाच्या वर जुना मातीच्या बांधाचा तलाव होता आणि त्याच्याही वर चिबड, म्हणजे बारमाही ओली, पाणकणसांनी भरलेली दलदल. डोंगरातलं पाणी आधी या चिबडात पसरायचं, तिथं त्याचा जोर मोडायचा आणि मग ते तलावात उतरायचं. तलावाच्या सांडव्यातून निघालेला ओढा वस्तीला खेटून वाहत होता.

मी येण्याच्या आदल्या वर्षी बांधावरून पाणी गेलं. वस्तीतल्या भिंती बसल्या आणि एका भिंतीखाली बाईंची आई सापडली. बाईंनी हातांनी चिखल उपसून तिला बाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. त्या दिवशी उपटलेलं उजव्या हाताच्या एका बोटाचं नख पुन्हा नीट आलं नाही. खडू धरताना ते बोट वेगळं राहायचं.

आईचे दिवस होताच बाईंनी वस्तीतल्या बायकांना गोळा केलं. बांधाला दगड लावायचे, ओढ्याच्या काठांवर निरगुडी आणि वाळा लावायचा, आणि चिबडाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. "थे चिबड हाय म्हनून पानी थांबते. नाईतर सरळ आपल्या उरावर," असं त्या सांगायच्या. हळूहळू गावातले काही शेतकरीही दगड वाहायला आले. रोपं लावली पोरांनी. ज्याचं रोप वाळलं त्याचा कान पिळला जायचा. त्यामुळे काही पोरं घरच्या प्यायच्या पाण्यातलं पाणी चोरून काठावर नेत.

गावचे मोठे मालक बाईंना मानत नव्हते. त्यांच्या मुलानं चिबडाकाठी टिटवीची अंडी दगडानं फोडली आणि बाईंनी त्याच्या गालावर पाच बोटं उठवली. मालक शाळेत आले.

"बाई, तुमी माह्या पोट्ट्याले मारलं."

"हाव. त्यानं अंडी फोडली. उद्या फोडली त उद्या बी मारीन."

मालक वळले. त्यांच्याबरोबर त्यांचा सालगडी आला होता, आडव्या हाडाचा, कमी बोलणारा माणूस. उन्हातून चालून आल्यानं घामाघूम झाला होता. मी त्याला शाळेच्या माठातलं पाणी पुढं केलं. माठ बाईंनी भरलेला होता. त्यानं पेल्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तसाच तहानलेला गेला. त्या काळात यात कुणाला नवल वाटत नव्हतं. बाईंनाही वाटलं नाही. त्यांनी पेल्यातलं पाणी वळचणीच्या रोपाला घातलं.

चिबड कुणाच्या मालकीचं, हे नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. मालकांनी ते आपलं धरलं होतं. त्यांना तिथं ऊस करायचा होता. चैत्रातल्या एका दुपारी तलावाकडून धूर उठला. पाणकणसं पेटवली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा बगळे वर घिरट्या घालत होते आणि खालून घरट्यांचा जळका वास येत होता. काही पोरांनी तोंडं फिरवली.

"डोये झाकू नका," बाई म्हणाल्या. "पाहा सारं."

राखेतून एक पाणकोंबडी चालत आली. तिच्या अंगावर पिसं उरली नव्हती. बाईंनी तिला उचललं आणि पोरांसमोरच तिची मान पिरगाळली. मग बराच वेळ तिच्या जळक्या पाठीवरून बोट फिरवत उभ्या राहिल्या. एक मुलगी हुंदके देत होती. त्या दिवशी बाईंनी कुणालाही मारलं नाही.

थोड्याच दिवसांनी मालकांची माणसं चिबडातून चर खणायला आली. डोंगरातलं पाणी चरातून सरळ तलावात गेलं असतं आणि चिबड वाळलं असतं. बाई वर्ग घेऊन तिथंच होत्या. त्या चरात उतरल्या. वर फावडं घेऊन तो सालगडी उभा होता.

"बाजूले व्हा, बाई. मालकाचा हुकूम हाय."

"मालकाले म्हना, तुमीच उतरा खाली."

"माह्यावर आनू नका तुमी."

"तूच त खोदून राह्यला."

त्यानं फावड्याचा दांडा फिरवला. तो बाईंच्या डाव्या कानावर बसला. त्या चिखलात पालथ्या पडल्या आणि पाणी लाल झालं. मला वाटलं, आटोपलं. पण त्या उठल्या, हाताला लागला तो दगड घेतला आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दात गेले. मग काय झालं ते मी सलग सांगू शकत नाही. पोरं चिखलाचे गोळे मारत होती. वस्तीतली माणसं काठ्या घेऊन धावत आली, मालकांची माणसं कुऱ्हाडीचे तुंबे, म्हणजे दांडे, चालवत होती. एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. मध्ये पडताना माझ्या कोपरावर घाव बसला; तो हात अजून पुरता सरळ होत नाही. सगळे दमले तेव्हा मारामारी थांबली.

पोलीस आले, दोन्ही बाजूंना दम देऊन गेले. अर्धवट चर वस्तीतल्या बायकांनी दगडांनी बुजवला. बाईंचा डावा कान कायमचा गेला आणि पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली, खामगावच्याही पलीकडे, पार सातपुड्याच्या पायथ्याला. जाताना त्या म्हणाल्या, "गुरुजी, काठावरच्या रोपाईले जनावरं लागू देऊ नका."

भाद्रपदात पाणी आलं. दुपारीच अंधारून आलं होतं. डोंगराकडून आवाज आला आणि पाठोपाठ गढूळ लोंढा. पाणकणसं तोवर पुन्हा फुटून माणसाच्या उंचीची झाली होती. लोंढा त्यांत शिरला, पसरला, मंदावला. तरीही तलाव काठोकाठ भरला आणि सांडव्याजवळ बांधाला भोक पडलं. सगळं गाव बांधावर आलं. मालकही आले, कारण त्यांचा संत्र्यांचा बगीचा खालीच होता. मातीची पोती टाकली ती वाहून गेली. तेव्हा सालगड्यानं काट्याच्या फासाची, तोडलेल्या काटेरी फांद्यांची मोळी छातीशी धरली आणि भोकाच्या तोंडाशी उडी घेतली. मोळी अडकली, तिच्यावर पोती बसली, बांध राहिला. तो मात्र वर आला नाही. पाणी ओसरल्यावर तो सांडव्याखाली, ओढ्याकाठच्या निरगुडीत अडकलेला मिळाला. वस्तीतली एकही भिंत पडली नव्हती.

मी एसटीनं बाईंच्या नव्या गावी गेलो. बांध टिकला, ही बातमी आपणच द्यावी असं मला वाटत होतं. उजवा कान माझ्याकडे करून त्यांनी सगळं ऐकलं. वाळा किती टिकला, पाणी कुठवर चढलं, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"त्याची बायको?"

"आहे. दोन पोरं आहेत."

"चाला," म्हणाल्या, आणि पिशवी घेतली.

गावात उतरून त्या तडक सालगड्याच्या घरी गेल्या. बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं अन्नाला हात लावला नव्हता. पोरांना शेजारणी खाऊ घालत होत्या. बाई तिच्याशेजारी बसल्या. मग उठल्या, चुलीत काटक्या सारल्या, मडक्यातलं ज्वारीचं पीठ परातीत घेतलं आणि पाणी ओतलं. अंगणातल्या बायका दारात दाटल्या.

"अवो बाई, चुलीले हात नका लावू," एक म्हातारी म्हणाली. "त्याले चाललं नसतं."

बाईंचे हात पिठात थांबले. त्यांनी मागं वळून पाहिलं.

"लावू द्या," भिंतीजवळून ती म्हणाली.

मग भाकर थापल्याचा आवाज येत राहिला. भाकर फुगली. बाईंनी ती तिच्यासमोर ठेवली, वर तेल-तिखट. तिनं थोरल्या पोराला जवळ ओढलं, तुकडा मोडला, अर्धा त्याच्या तोंडात दिला आणि अर्धा आपल्या. दारातल्या बायका कुणी हलल्या नाहीत. ती सावकाश खात राहिली, भाकर संपेपर्यंत.

"दुसरी टाकू का?" बाईंनी विचारलं.

"टाका," ती म्हणाली.